अक्विनो द ब्रागांझा : झेंडा उतरल्यानंतरची लढाई

आफ्रिकेतून गेल्या काही वर्षांत एकामागून एक बातम्या आल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्रान्सचे सैन्य मालीतून बाहेर पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बुर्किना फासोतून, डिसेंबर २०२३ मध्ये नायजरमधून, जानेवारी २०२५ मध्ये चाडमधून आणि जुलै २०२५ मध्ये सेनेगलमधून ते निघाले. आमच्याकडच्या मोठ्या वृत्तपत्रांनी या बातम्यांना आतल्या पानावर चार ओळींची जागा दिली. ही पाचही राष्ट्रे १९६० साली स्वतंत्र झाली होती. मग प्रश्न असा पडतो की, स्वातंत्र्यानंतर साठ वर्षांनी जुन्या मालकाच्या सैन्याला निरोप देण्याची पाळी त्यांच्यावर का यावी? झेंडा उतरला तेव्हा नेमके काय गेले, आणि काय मागे राहिले?

हा प्रश्न आम्हा रायगडकरांना परका वाटण्याचे कारण नाही. आमच्या रेवदंड्याचे अख्खे गाव पोर्तुगीजांच्या तटाच्या आत वसलेले आहे. निजामशहाच्या परवानगीने १५२१ साली त्यांनी इथे पाय रोवले. १५७०-७१ चा निजामशाही वेढा त्यांनी परतवून लावला. वसई पडल्यानंतर १७४० साली मात्र हे ठाणे त्यांना मराठ्यांच्या हवाली करावे लागले. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले उभे आहेत, सहलीला आलेली मंडळी त्यापुढे फोटो काढतात आणि पोर्तुगीज गेले असे म्हणून घरी जातात. पण कुंडलिकेची खाडी ओलांडून पलीकडे कोर्लईला जा. तिथल्या ख्रिस्ती कष्टकऱ्यांच्या घरांत पोर्तुगीजातून तयार झालेली एक बोली आजही चुलीपाशी बोलली जाते. राज्य जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी शब्द गेले नाहीत. सत्ता एका दिवसात जाते, तिचा ठसा जायला पिढ्या लागतात. कधी तो ठसा निरुपद्रवी असतो, कोर्लईच्या बोलीसारखा. कधी तो कायद्यात, धरणात, खाणीत आणि माणसाच्या मनात बसलेला असतो आणि स्वतंत्र झालेल्या माणसाला पुन्हा वेठीस धरतो.

हा फरक ओळखण्यात ज्याने आपले आयुष्य घालवले, तो माणूस आमच्या शेजारच्या गोव्याचा होता. त्याचे नाव अक्विनो द ब्रागांझा. मोझांबिकच्या इतिहासात आणि आफ्रिकेच्या अभ्यासकांत हे नाव आदराने घेतले जाते. महाराष्ट्रात मात्र, अगदी परिवर्तनाच्या चळवळीतही, ते फारसे कुणाला ठाऊक नाही. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अक्विनो यांचा जन्म ६ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात झाला. ते चालू-बोलू लागले त्या वर्षांत पोर्तुगालमध्ये लोकशाही गुंडाळली गेली आणि पुढे सालाझार यांची हुकूमशाही आली. १९३० च्या वसाहत कायद्याने साम्राज्यातील प्रजेचे स्थान ठरवून टाकले. गोव्यात सभा, वृत्तपत्र, संघटना या सगळ्यांवर सरकारी नजर होती. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली, तेव्हा अक्विनो बावीस वर्षांचे होते. शिकलेल्या गोवेकर ख्रिस्ती तरुणापुढे त्या काळी दोन वाटा असत. एक मुंबईची, दुसरी पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींची. तिथे कारकुनी, कस्टम, पोस्ट, शाळा अशा नोकऱ्या मिळत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अक्विनो यांनी दुसरी वाट धरली आणि नोकरीच्या शोधात ते मोझांबिकला गेले.

तिथे त्यांनी जे पाहिले, ते समजून घेण्यासाठी तिथला कायदा समजून घेणे क्रमप्राप्त आहे. आम्ही वकिलीच्या व्यवसायात असल्यामुळे कुठल्याही व्यवस्थेचा खरा चेहरा आम्हाला तिच्या कायद्याच्या पुस्तकात दिसतो. पोर्तुगालने आफ्रिकी माणसासाठी वेगळा कायदा केला होता. त्यानुसार आफ्रिकी माणूस जन्माने नागरिक नव्हता, तो फक्त तद्देशीय होता. त्याला नागरिक व्हायचे असेल तर पोर्तुगीज भाषा नीट बोलता आली पाहिजे, उत्पन्नाचे साधन पाहिजे, वागणूक आणि राहणी गोऱ्या साहेबाच्या पसंतीला उतरली पाहिजे, आणि हे सगळे त्याने सरकारपुढे सिद्ध केले पाहिजे. एवढे दिव्य पार पाडून नागरिकत्व मिळवलेले आफ्रिकी लोक मोझांबिकच्या लोकसंख्येत एक टक्काही नव्हते. उरलेल्यांच्या वाट्याला सक्तीची मजुरी होती. तिला तिथे शिबालो म्हणत. रस्ते, मळे, बंदरे या शिबालोवर उभी राहिली. शेतकऱ्याला आपल्या शेतात अन्नाऐवजी कापूस लावण्याची सक्ती होती, आणि तो कापूस ठरलेल्या कंपनीला ठरलेल्या भावात द्यावा लागे.

आणि गोवेकर? गोवेकराला हा कायदा लागू नव्हता. तो कागदोपत्री नागरिक होता. म्हणजे शिडी अशी होती : सर्वांत वर पोर्तुगालमधून आलेला गोरा, त्याखाली वसाहतीत जन्मलेला गोरा, मग मिश्र रक्ताचा आणि गोवेकर, मग नागरिकत्व मिळवलेला मूठभर आफ्रिकी, आणि तळाला लाखो तद्देशीय. मधल्या पायरीवरच्या माणसाला वरून अपमान मिळत होता, पण खाली पाहून मिरवायची सोयही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिचे यंत्र हेच होय. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी दिले की सगळे मिळून वरच्याविरुद्ध उठत नाहीत. जातीच्या शिडीची आणि वर्णाच्या शिडीची लाकडे वेगळी असतील, सुतार एकाच तालमीतले होते.

मधल्या पायरीवरचे बहुतेक लोक काय करतात हे सांगायला नको. ते आपली पायरी सांभाळतात. अक्विनो यांनी ती सोडली. मोझांबिकमधील वंशभेद असह्य होऊन ते फार काळ तिथे थांबले नाहीत. पोर्तुगालमार्गे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शिक्षणासाठी फ्रान्सला पोहोचले. पॅरिसमध्ये त्या वेळी वसाहतींमधून आलेल्या तरुणांचा मेळाच भरला होता. अंगोलाचे मारियो द आंद्राद आणि मोझांबिकचे मार्सेलिनो दुश सांतुश यांच्याशी त्यांची इथे जी मैत्री झाली, ती जन्मभर टिकली. पोर्तुगालच्या राज्यातला गोवेकर आणि आफ्रिकी एकाच टेबलाशी समान माणूस म्हणून बसले. वसाहतीत ही गोष्ट जवळपास अशक्य होती.

या मैत्रीतून संघटना उभी राहिली. एप्रिल १९६१ मध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका शहरात पोर्तुगीज वसाहतींमधल्या राष्ट्रीय संघटनांची परिषद भरली. अंगोला, गिनी आणि केप व्हर्दे, मोझांबिक, साओ तोमे यांच्याबरोबर गोव्याच्या संघटनाही तिच्यात सामील झाल्या. गोव्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांत अक्विनो होते. या परिषदेचा विचार साधा होता. शत्रू एक असेल तर लढाईही एक असली पाहिजे. पोर्तुगाल एकेका वसाहतीला एकटे गाठून मारू पाहत होता आणि जगाला सांगत होता की आमच्याकडे वसाहती नाहीतच, सागरापलीकडचे प्रांत आहेत. १९५१ साली त्याने कायद्याच्या पुस्तकातला वसाहत हा शब्दच खोडला होता. नाव बदलले की गुलामी संपते, ही जगभरच्या प्रस्थापितांची जुनी युक्ती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये ही युक्ती ओळखून, गोव्यासह पोर्तुगालच्या या सर्व प्रदेशांना स्वराज्य नसलेले प्रदेश ठरवले.

गोव्याच्या मुक्तीचा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तेव्हा त्यातून आफ्रिका गाळली जाते, याची आम्हाला खंत वाटते. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर एक परिसंवाद झाला. आफ्रिकेतील स्वातंत्र्यलढ्यांचे नेते त्यासाठी भारतात आले. त्यांचा पंडित नेहरूंकडे आग्रह होता की भारताने गोव्याच्या बाबतीत आता थांबू नये. कारण पोर्तुगालचे साम्राज्य कुठेतरी एका ठिकाणी मोडले, तर आफ्रिकेतील लढ्याला बळ मिळणार होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अंगोलात उठाव झाला होता आणि पोर्तुगालने तो रक्तात बुडवला होता. दोन महिन्यांनी, १८-१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा, दमण आणि दीव मुक्त केले. साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली. सालाझार यांनी याचा सूड मोझांबिकमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांवर उगवला. त्यांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता जप्त केली, त्यांना देशाबाहेर घालवले.

इथे अक्विनो यांच्या आयुष्यातला निर्णायक क्षण येतो. त्यांचा गोवा मुक्त झाला होता. ते परत येऊ शकले असते. स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान, पद, निवडणुकीचे तिकीट, सगळ्याला वाव होता. पण ज्यांच्याबरोबर शपथ घेतली त्यांची लढाई अजून सुरूच व्हायची होती. अक्विनो आफ्रिकेतच राहिले. १९६२ साली स्वतंत्र झालेल्या अल्जीरियाची राजधानी अल्जियर्स ही त्या काळी साऱ्या आफ्रिकेतील मुक्तिलढ्यांची पंढरी झाली होती. तिथे त्यांनी पत्रकारिता केली, विद्यार्थ्यांना शिकवले आणि लढणाऱ्या संघटनांचा शब्द जगापर्यंत नेला. पुढे आशिया-आफ्रिकेच्या प्रश्नांना वाहिलेले एक फ्रेंच नियतकालिक उभे करणाऱ्यांतही ते होते. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. बातमी, विश्लेषण आणि दोन बाजूंच्या माणसांना ओळखणारी दांडगी स्मृती, एवढेच त्यांचे शस्त्र होते.

पुढची बारा वर्षे रक्ताची होती. गिनीत १९६३ मध्ये, तर मोझांबिकमध्ये २५ सप्टेंबर १९६४ रोजी सशस्त्र लढा सुरू झाला. पोर्तुगाल हा युरोपातील गरीब देश, पण नाटो या लष्करी गटाचा तो संस्थापक सदस्य होता, त्यामुळे त्याच्या हातात शस्त्रांची वाण नव्हती. मोझांबिकच्या फ्रेलिमो या संघटनेचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंडलाने यांना ३ फेब्रुवारी १९६९ रोजी दार-ए-सलाम येथे टपालातून आलेल्या बॉम्बने मारले. गिनीचे अमिल्कार काब्राल यांना २० जानेवारी १९७३ रोजी कोनाक्री येथे गोळ्या घालण्यात आल्या. हे दोघेही अक्विनो यांचे सहकारी. पण माणसे मारून लढा थांबला नाही. उलट तो पोर्तुगालच्याच सैन्यात शिरला. जिंकता न येणाऱ्या तीन युद्धांत पिचलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये हुकूमशाही उलथवली. ज्यांनी आफ्रिकेला गुलाम ठेवले होते, त्यांना त्यांच्याच हुकूमशाहीतून सोडवण्यात आफ्रिकेच्या लढ्याचा मोठा वाटा होता, हे युरोपच्या इतिहासकारांनाही नाकारता आलेले नाही.

आता खरी कसोटी लागली. लिस्बनचे नवे राष्ट्राध्यक्ष जनरल स्पिनोला यांना वसाहती सोडायच्या नव्हत्या. पोर्तुगाल आणि वसाहती मिळून एक संघराज्य, त्यासाठी सार्वमत, असा त्यांचा बेत होता. म्हणजे झेंडा बदलायचा, किल्ल्या आपल्याकडेच ठेवायच्या. फ्रेलिमोचे अध्यक्ष सामोरा मचेल यांना लिस्बनमध्ये खरी सत्ता कोणाच्या हातात आहे हे जाणून घ्यायचे होते. या कामासाठी त्यांनी अक्विनो यांना निवडले. १९७४ च्या मध्याला ते लिस्बनला गेले आणि क्रांती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलले. त्यांच्या हे लक्षात आले की खुर्चीवर स्पिनोला असले तरी सैन्य आणखी लढायला तयार नाही, आणि तरुण अधिकाऱ्यांना पूर्ण स्वातंत्र्य मान्य आहे. ही माहिती मचेल यांच्यापाशी होती म्हणून ते वाटाघाटीच्या टेबलावर वाकले नाहीत. ७ सप्टेंबर १९७४ रोजी लुसाका येथे करार झाला. सार्वमत नाही, संघराज्य नाही, सत्ता फ्रेलिमोकडे, आणि स्वातंत्र्याचा दिवस २५ जून १९७५. त्याच दिवशी राजधानीत गोऱ्या वसाहतवाल्यांनी रेडिओ केंद्र ताब्यात घेऊन बंड केले, पण ते काही दिवसांतच फसले. महिनाअखेरीस स्पिनोला यांना राजीनामा द्यावा लागला.

याच बदललेल्या पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत भारताशी करार केला आणि गोवा, दमण, दीव, दादरा, नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्यावर भारताच्या वतीने सही करणारे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते. म्हणजे सैन्याने गोवा १९६१ मध्ये सोडवला, पण पोर्तुगालच्या कागदावर तो सुटायला तेरा वर्षे लागली, आणि ती सही आफ्रिकेतल्या लढ्याने लिस्बनचे सरकार बदलल्यावरच झाली. आफ्रिकेने गोव्याचे हे ऋण असे फेडले. गोव्यात किती जणांना हे ठाऊक आहे?

स्वातंत्र्यानंतर अक्विनो यांनी मंत्रिपद घेतले नाही. ते मचेल यांचे सल्लागार राहिले आणि १९७६ मध्ये मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठात स्थापन झालेल्या आफ्रिकी अध्ययन केंद्राचे संचालक झाले. हे केंद्र पुस्तकी पंडितांचे नव्हते. नव्या राज्याला ज्या प्रश्नांनी घेरले होते, त्यांचा शोध शेतात, बंदरात आणि मजुरांच्या वस्तीत जाऊन घ्यायचा, असा त्याचा शिरस्ता होता. सरकारी खात्यांतले तरुण नोकर तिथे विद्यार्थी म्हणून येत आणि शिक्षकांबरोबर गावोगाव हिंडत.

त्या वेळची परिस्थिती ध्यानात घ्या. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर. दोन लाखांच्या आसपास असलेल्या पोर्तुगीजांपैकी बहुतेक जण दोन वर्षांत निघून गेले. कारागीर, रेल्वेचे चालक, हिशेबनीस सगळे तेच होते, कारण आफ्रिकी माणसाला ती कामे शिकूच दिली नव्हती. जाताना अनेकांनी यंत्रे मोडली. पण याहून खोल दुखणे दक्षिण मोझांबिकच्या गावांत होते. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत मजुरीला जात. पोर्तुगालने या मजुरांचा सौदाच केला होता. त्यांच्या मजुरीचा काही भाग दक्षिण आफ्रिका पोर्तुगालला सरकारी दराने सोन्यात देई, आणि लिस्बन ते सोने बाजारभावाने विकून नफा कमवी. केंद्राने या खाणमजुरांचा जो अभ्यास केला, त्याचे नेतृत्व दक्षिण आफ्रिकेतून हद्दपार झालेल्या झुंजार लेखिका रुथ फर्स्ट यांनी केले. १९७५ साली एक लाखाहून अधिक मोझांबिकी मजूर त्या खाणींत होते. स्वतंत्र मोझांबिकला धडा शिकवण्यासाठी दक्षिण आफ्रिकेने दोन-तीन वर्षांत ती संख्या निम्म्याहून खाली आणली. पोर्तुगाल गेला होता, पण त्याने बांधलेली दावण तशीच होती, फक्त आता तिचे टोक प्रिटोरियाच्या हातात आले होते.

अक्विनो यांच्या विचाराचे सार इथेच आहे. १९८० च्या दशकाच्या मध्याला लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी मोझांबिकच्या सत्तांतराला निर्वसाहतीकरणाविना स्वातंत्र्य असे नाव दिले. हे नाव प्रथम चमत्कारिक वाटते. आमच्या शब्दांत सांगायचे तर त्याचा आशय असा. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ज्याला निर्वसाहतीकरण म्हटले, तो सत्ता सोडण्याचा कमी आणि सत्ता जपून ठेवण्याचा अधिक प्रकार होता. आपल्या तालमीत तयार झालेल्या वर्गाच्या हाती कारभार द्यायचा, आणि चलन, सैन्य, व्यापार यांच्या दोऱ्या आपल्याकडे ठेवायच्या. फ्रान्सने १९४५ साली आफ्रिकी वसाहतींसाठी काढलेले चलन आजही चौदा देशांत चालते, आणि त्या देशांना आपल्या परकीय गंगाजळीचा मोठा भाग दीर्घकाळ फ्रान्सच्या तिजोरीत ठेवावा लागत होता. १९५८ साली गिनी देशाने फ्रान्सच्या अटी नाकारल्या, तेव्हा फ्रेंच अधिकारी जाताना सामानसुमानही घेऊन गेले. पोर्तुगालला मात्र असा जपून ठेवलेला वर्ग तयार करता आला नाही, कारण त्याने आफ्रिकी माणसाला शिकूच दिले नव्हते. म्हणून मोझांबिकमध्ये जुन्या मालकाच्या दोऱ्या न जपता स्वातंत्र्य आले. ही त्या लढ्याची मोठी कमाई होती, आणि नव्या राज्यापुढची मोठी अडचणही हीच होती.

अक्विनो भाट नव्हते. सरकार मोठमोठ्या सरकारी शेतांवर पैसा ओतत होते आणि छोट्या कुटुंबाच्या शेतीला वाऱ्यावर सोडत होते, हे त्यांच्या केंद्राने दाखवून दिले. शहरातील बेरोजगारांना १९८३ मध्ये सरकारने सक्तीने दूरच्या प्रांतात हलवले. लढणारा पक्ष सत्तेत आला की आपल्याच विजयाच्या कथेत अडकतो, लोकांचे प्रश्न त्याला गाऱ्हाणी वाटू लागतात. शेवटच्या वर्षांत झाक देपेल्शँ यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात त्यांनी फ्रेलिमोच्या इतिहासाची आरती थांबवून तो चिकित्सेने समजून घ्यावा अशी भूमिका घेतली. राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार असताना हे लिहिणे सोपे नव्हते. चळवळीवर प्रेम असणे आणि चळवळीची चिकित्सा करणे यांत विरोध नसतो, हे आमच्या काही नेत्यांनी या गोवेकराकडून शिकावे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल वॉलरस्टाइन यांच्यासोबत त्यांनी आफ्रिकी मुक्तिलढ्यांची मूळ कागदपत्रे तीन खंडांत संपादित केली. ते खंड १९८२ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला केंद्रात टपालाने आलेला एक लखोटा रुथ फर्स्ट यांनी उघडला. त्यात बॉम्ब होता. त्या जागीच गेल्या. त्याच खोलीत असलेले अक्विनो जखमी झाले. हा बॉम्ब दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारच्या पोलिसांनी पाठवला होता, हे पुढे तिथल्या सत्यशोधन आयोगापुढे उघड झाले. गुन्हेगारांना आयोगाने २००० साली माफी दिली, यावर काय बोलावे? एकीकडे ही हत्या, दुसरीकडे रेनामो या टोळीला पैसा आणि शस्त्रे पुरवून देशभर पेटवलेले युद्ध. शाळा, दवाखाने, रेल्वेमार्ग वेचून वेचून उद्ध्वस्त केले जात होते. अखेर १६ मार्च १९८४ रोजी मोझांबिकला त्याच दक्षिण आफ्रिकेशी एन्कोमाती येथे करार करावा लागला. दक्षिण आफ्रिकेने तो पाळला नाही.

१९ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री सामोरा मचेल झांबियातील बैठक आटोपून मापुतोला परतत होते. अक्विनो त्यांच्यासोबत होते. विमान वाट चुकले आणि सरहद्दीलगत दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीतील म्बुझिनी येथे डोंगरावर आदळले. मचेल, अक्विनो आणि त्यांचे बहुतेक सहप्रवासी मरण पावले. दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाने वैमानिकांना दोषी ठरवले. सोव्हिएत तज्ज्ञांनी खोट्या संदेशाने विमान भरकटवल्याचा संशय नोंदवला. सत्याचा निवाडा आजही झालेला नाही. बार्देशचा हा सुपुत्र बासष्टाव्या वर्षी आफ्रिकेच्या मातीत मिसळला.

त्यांच्यानंतर काय झाले, हे सांगितल्याखेरीज त्यांचे चरित्र पुरे होत नाही. युद्ध १९९२ पर्यंत चालले. १९९५ मध्ये मोझांबिक राष्ट्रकुलात गेला. ज्याचा ब्रिटिश साम्राज्याशी वसाहत म्हणून संबंध नव्हता, असा तो पहिलाच सदस्य. पोर्तुगालने १९९६ मध्ये पोर्तुगीज भाषिक देशांचा गट काढला खरा, पण आफ्रिकेच्या राजकारणात लिस्बनचा शब्द पूर्वीसारखा उरलेला नाही. तरीही झांबेझी नदीवरचे काहोरा बास्सा धरण पाहा. पोर्तुगालने बांधलेल्या या प्रचंड धरणाच्या कंपनीतील ८२ टक्के मालकी स्वातंत्र्यानंतरही पोर्तुगालकडेच होती, आणि वीज मुख्यतः दक्षिण आफ्रिकेला जात होती. आपल्याच नदीवरचे धरण मिळवायला मोझांबिकला नोव्हेंबर २००७ उजाडावा लागला, आणि त्यासाठी शेकडो दशलक्ष डॉलर मोजावे लागले. तेव्हाही १५ टक्के वाटा पोर्तुगालकडे राहिलाच. झेंडा १९७५ ला उतरला, धरणाची किल्ली बत्तीस वर्षांनी हाती आली.

भाषेची गोष्ट याहून वेगळी आहे. १९८० च्या जनगणनेत पोर्तुगीज ही मातृभाषा सांगणारे मोझांबिकी जेमतेम एक टक्का होते. २०१७ मध्ये ते सोळा टक्क्यांच्या आसपास गेले. मालकाचा प्रभाव ओसरला आणि त्याची भाषा मात्र वाढली. याला गुलामीच म्हणावे असे आम्हाला वाटत नाही. अनेक भाषांच्या देशाने ती भाषा राज्यकारभारासाठी स्वतः निवडली. प्रश्न एवढाच राहतो की जे ती बोलत नाहीत, त्यांना कोर्टात, दवाखान्यात आणि शाळेत माणूस म्हणून किंमत मिळते का? इंग्रजीतल्या निकालपत्रापुढे हतबल होऊन उभा राहणारा आमचा खेड्यातला पक्षकार आम्ही रोज पाहतो. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला मापुतोइतकाच अलिबागचाही वाटतो.

आता फ्रान्सकडे परत वळू. सैन्य गेले याचा आनंद जरूर व्हावा. पण माली, बुर्किना फासो आणि नायजर या तिन्ही देशांत आज लष्करशहा बसले आहेत, आणि फ्रेंचांच्या जागी रशियाची माणसे आली आहेत. एक मालक जाऊन दुसरा आला तर त्याला प्रभाव ओसरला असे म्हणता येणार नाही. राजकीय स्वातंत्र्य मिळाले तरी सामाजिक आणि आर्थिक विषमता शाबूत राहिली तर ते स्वातंत्र्य धोक्यात येते, हा इशारा बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेत दिला होता. अक्विनो आफ्रिकेत राहून, वेगळ्या मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचले होते.

चळवळीच्या अभ्यासवर्गात आम्ही अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याबद्दल बोलतो, ते योग्यच आहे. त्याच पंक्तीत मोझांबिकचा लढा आणि अक्विनो यांचे चरित्र बसले पाहिजे. मधल्या पायरीवर जन्मलेल्या माणसाने काय करावे, याचे ते उत्तर आहे. आज आमच्यातही नोकरी, शिक्षण आणि फ्लॅट मिळवून मधल्या पायरीवर पोहोचलेला एक वर्ग तयार झाला आहे. त्याने खाली पाहून मिरवायचे की खालच्यांसोबत उभे राहायचे, हे त्यानेच ठरवायचे आहे. आणि कोठेही सत्ता बदलली, पक्ष बदलला, साहेब बदलला, की कार्यकर्त्यांनी सत्काराचे हार आणण्याआधी चार प्रश्न विचारावेत : जमीन कोणाच्या नावावर आहे, पाणी कोणाच्या हातात आहे, मजुरीचा दर कोण ठरवतो, आणि कोर्टाची भाषा कोणाला समजते? या प्रश्नांची उत्तरे जुनीच असतील, तर फक्त झेंडा बदलला असे समजावे आणि पुढच्या कामाला लागावे.